पेटी बीबीसीची, धरण आपलं

समजा, एका सकाळी इटियाडोह धरणाच्या भिंतीवर निळ्या रंगाची एक लाकडी पेटी उभी दिसली. माणूस उभा मावेल एवढी, जुन्या टेलिफोन बूथसारखी. दार उघडून विचित्र कपड्यातला एक इसम बाहेर आला आणि त्यानं विचारलं, ‘हे साल कोणतं?’ म्हशी घेऊन निघालेल्या आजोबांनी साल सांगितलं आणि उलट त्यालाच विचारलं, ‘कोणाघरचा पाहुणा बाप्पा तू?’

गोष्ट इथून पुढे कुठेही जाऊ शकते. पण ही पेटी माझी नाही. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेची ती आहे. तुमच्यापैकी काहींनी मोबाइलवर तिचे एपिसोड पाहिलेही असतील. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर ती सुरू झाली. परग्रहावरचा एक प्रवासी, सगळे त्याला फक्त ‘डॉक्टर’ म्हणतात. पेटीत बसून तो काळात मागं-पुढं कुठंही जातो. पेटी बाहेरून एवढीशी, आत मात्र वाडाच्या वाडा. डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर आणि चेहरा बदलतो. १९६६ मध्ये पहिल्या नटाची तब्येत साथ देईना म्हणून काढलेली ही युक्ती! तिच्यामुळे नट बदलत गेले आणि मालिका चालत राहिली.

१९८९ मध्ये मात्र ती बंद पडली. मधला १९९६ चा एक टीव्ही चित्रपट सोडला, तर थेट २००५ मध्ये परत आली. मला बोलायचंय ते या मधल्या सोळा वर्षांबद्दल. पडद्यावर काही नव्हतं, तेव्हा डॉक्टर कागदावर जगला. कादंबऱ्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर कथासंग्रह आले. १९९४ मध्ये ‘डेकॅलॉग’ नावाचा दहा कथांचा संग्रह निघाला, १९९८ मध्ये बीबीसीनं ‘शॉर्ट ट्रिप्स’ सुरू केले, आणि पुढे ‘बिग फिनिश’ या कंपनीनं त्याच नावानं संग्रहांची रांगच लावली. नायक तोच, पेटी तीच, प्रत्येक कथेचा लेखक वेगळा.

आपल्याकडे अशा पुस्तकाचं नाव काढलं की तोंड वाकडं होतं. सिरियलवरून पुस्तक म्हणजे चिप्सच्या पाकिटातला फुकट स्टिकर. आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच कथा सुमारच असतात. मालिकेच्या वेड्या चाहत्यालाच गोड लागतील अशा. पण १९९६ चा तिसरा ‘डेकॅलॉग’ उघडा. त्यात स्टीव्हन मॉफॅटची एक कथा आहे. डॉक्टरला ग्रंथालयातून एक पुस्तक हवंय आणि ग्रंथपाल बाई ते द्यायला तयार नाहीत. (कॉलेजच्या लायब्ररीत उभे राहिलेल्यांना परिस्थिती सांगायला नको.) मग डॉक्टर काय करतो? भांडत नाही. गुपचूप बाईंच्या भूतकाळात जातो आणि तिथल्या गोष्टी थोड्या थोड्या बदलून येतो. दर फेरीला बाई जराशा वेगळ्या. एका काउंटरवरचं भांडण, एवढाच जीव. पण वाचता वाचता प्रश्न पडतो, दुसऱ्याचं आयुष्य त्याच्या भल्यासाठी का होईना, न विचारता बदलायचा हक्क डॉक्टरला दिला कोणी?

हाच मॉफॅट २०१० मध्ये त्या मालिकेचा प्रमुख झाला, आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या एपिसोडमध्ये त्यानं ही कल्पना पुन्हा वापरली. दुसरं उदाहरण तर आणखी भारी. मुलांसाठी निघालेल्या २००६ च्या ‘डॉक्टर हू’ वार्षिकात त्यानं एक छोटी कथा लिहिली. सॅली स्पॅरो नावाची बारा वर्षांची मुलगी सुट्टीत काय केलं ते शाळेच्या निबंधात सांगते, आणि तिला घराच्या भिंतीवरच्या कागदामागं, खूप वर्षांपूर्वी तिच्यासाठीच लिहून ठेवलेला निरोप सापडतो. त्या कथेवरून २००७ मध्ये ‘ब्लिंक’ हा एपिसोड झाला. विज्ञानकथेतला मानाचा ह्युगो पुरस्कार त्याला मिळाला. फुकट स्टिकर म्हणून ज्याला हिणवलं, त्यातून मालिकेचा सगळ्यात गाजलेल्यांपैकी एक एपिसोड निघाला.

अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’वाल्यांनी तर दारच उघडं टाकलं. मूळ मालिका १९६९ मध्ये बंद झाली, तरी चाहते लिहीतच राहिले. १९७६ मध्ये त्यांच्याच कथांचं एक पुस्तक रीतसर छापून आलं. पुढे १९९८ पासून ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ नावाची दरवर्षीची स्पर्धा सुरू झाली, दहा संग्रह निघाले. अट अशी की ज्यांचं लेखन व्यावसायिकरीत्या फारसं छापून आलेलं नाही, त्यांनीच कथा पाठवायच्या. नामवंतांनी बाजूला बसायचं! ‘डॉक्टर हू’च्या संग्रहमालेतही २००८ मध्ये एक पुस्तक फक्त नवख्या लेखकांचं निघालं.

आता तुम्ही म्हणाल, लंडन-अमेरिकेचं ठीक आहे, अर्जुनी मोरगावात बसून याचं काय करायचं?

एक तर, दुसऱ्यानं उभ्या केलेल्या जगात आपली गोष्ट घुसवणं ही गोऱ्यांची आयडिया नाही. धान निघालं की आपल्या झाडीपट्टीत मंडप पडतात आणि रात्र रात्र नाटकं चालतात, ती तुम्ही पाहिलीच आहेत. जुन्या लोकांना दंडारीबद्दल विचारा. रामायण-महाभारतातले प्रसंग सगळ्या गावाला पाठ असतात, तरी लोक बसतात. कारण आज हा गडी कोणती नवी कोटी करणार, गावातल्या कोणाला चिमटा काढणार, हे कोणालाच माहीत नसतं. राम कोण हे समजावण्यात वेळ जात नाही, म्हणून गंमत करायला वेळ उरतो. संग्रहातल्या कथेचं गणित नेमकं हेच आहे. नवख्या लेखकाला सगळ्यात जड जातं ते जग उभं करणं. ते आयतं मिळालं की त्यानं एकाच गोष्टीकडे बघायचं: या दहा पानांत घडतंय काय?

आणि बंधनं कडक असतात. नायकाला मारता येत नाही, लग्न लावून देता येत नाही, कथा संपताना तो पुढच्या लेखकासाठी जसा होता तसा परत ठेवायचा. म्हणजे बदल घडवायचा तर तो दुसऱ्या कोणात तरी. ग्रंथपाल बाईंमध्ये, सॅलीमध्ये, म्हशीवाल्या आजोबांमध्ये. माझ्या मते कथा लिहायला शिकण्याचा याहून चांगला व्यायाम नाही.

मराठीत टीव्ही मालिकेवरच्या कथासंग्रहांची अशी परंपरा उभी राहिली नाही. दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ आला आणि गेला. त्याच्या यानात बसून कथा लिहायला कोणी आपल्याला बोलावलं नाही. दुसऱ्याच्या पात्राला नवं आयुष्य देणं आपल्याला जमत नाही, असं मात्र नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ च्या चित्रपटात मोबाइलच्या काळात आला, आणि दिलीप प्रभावळकरांच्या रूपात खुद्द भागवतही गोष्टीत आले. नवख्यांसाठीचं दारही आपल्याकडे होतंच. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक: नारायण विनायक जगताप. हे होते जयंत नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ अनोळखी माणसासारखा रांगेत उभा राहिला. आपण कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मजकूर मागितला की गुगलवरून ‘पर्यावरण: काळाची गरज’ उतरवून देतो.

मला सलतं ते इथंच. मराठी विज्ञानकथा म्हटलं की डोळ्यांपुढे पुणे-मुंबईची प्रयोगशाळा येते, नाहीतर अमेरिकेतलं विद्यापीठ. काळप्रवासासाठी नवेगावबांधपेक्षा चांगली जागा कोणती? तो तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. पाळीवर शेवटची माती पडायच्या आदल्या दिवशी कोणी भविष्यातून येऊन उभं राहिलं तर? महाराष्ट्रात सारस पाहायला आजही गोंदिया जिल्ह्यात यावं लागतं; शंभर वर्षांनंतरच्या पोरीनं एक जोडी न्यायला पेटी आणली, तर तिला ती द्यायची का? गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीतल्या आजीला कोणी म्हटलं, ‘चल, फक्त एक दिवस घरी सोडून आणतो’, तर ती पेटीत बसेल? या गोष्टी लंडनचा लेखक लिहिणार नाही. पुण्याचाही लिहिणार नाही.

कायद्याचं मात्र भान ठेवा. डॉक्टर आणि त्याची पेटी बीबीसीच्या मालकीची आहे. सरावाला वहीत लिहा, मित्रांना वाचून दाखवा. पण छापून विकायचं तर परवानगी लागते, म्हणून वरचे सगळे संग्रह परवानगीनं निघालेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन खुलं होतं. म्हणजे काळयंत्र पहिल्यांदा गाजवणारा एच. जी. वेल्स (मृत्यू १९४६) आता मोकळा आहे, आणि विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ तर कधीपासूनच. वेताळ हा तर आयता सूत्रधार. दरवेळी नवी गोष्ट, शेवटी एक अडचणीचा प्रश्न, आणि परत झाडावर. पुढच्या लेखकासाठी जसाच्या तसा.

यंदाच्या वार्षिकांकात सात-आठ जणांनी मिळून एकच जग घेतलं तर? वडसा लाइनवरची एक पॅसेंजर गाडी, जी अर्जुनीच्या स्टेशनवर येते तेव्हा दरवेळी साल वेगळं असतं. गार्ड तोच, त्याला मारायचं नाही. प्रत्येकानं आपल्या गावचा एक माणूस गाडीत चढवायचा. केशोरीवाल्यानं केशोरीचा, बोंडगाववाल्यानं बोंडगावचा. कोण कुठल्या सालात उतरलं याची एक वही मात्र एकाकडे ठेवा, नाहीतर तिसऱ्या कथेत मेलेला सरपंच पाचव्या कथेत चहा पीत बसलेला सापडेल.