सी-पॅप मशीन घरात आले. आता त्याची निगा कोण राखणार?

घोरणे म्हणजे गाढ झोप, असा समज आपल्या घराघरांत अजूनही आहे. दिवसभर राबून आलेला माणूस पाठ टेकताच घोरू लागला की घरची माणसे म्हणतात, "दमलाय, झोपू द्या त्याला." परंतु घोरता घोरता त्याचा श्वास मध्येच थांबत असेल, काही क्षण सारे शांत होऊन मग तो दचकून धापा टाकत असेल, तर ती गाढ झोप नव्हे, तो आजार आहे. डॉक्टर त्यास स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बुजते. श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू कमी होतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. रात्रभर हे पुन्हा पुन्हा घडते. मग सकाळी डोके जड, दिवसा डुलक्या, रक्तदाब वाढलेला. जो ट्रक किंवा रिक्षा चालवतो, कारखान्यात यंत्रावर उभा राहतो, परांचीवर चढतो, त्याची अशी एक डुलकी जिवावर बेतू शकते.

ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या आजारावर एक उपाय मांडला. नाकावर मास्क लावायचा आणि त्यातून दाबाची हवा सतत सोडायची, म्हणजे घशाची वाट आतून उघडी राहते. तेच हे सी-पॅप मशीन. त्यात औषध नसते. खोलीतलीच हवा फिल्टरमधून ओढून, नळीतून, मास्कमधून ते नाकात सोडते. म्हणून या उपचारात फिल्टर, नळी, मास्क आणि पाण्याची टाकी या चार वस्तूंना मशीनइतकेच महत्त्व आहे.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. कर्ज काढून, सोसायटीतून उचल घेऊन कुटुंब मशीन आणते. दोन-तीन महिने माणूस नीट झोपतो. मग मास्कमधून हवा सुटू लागते, डोळ्यांवर वारा येतो, नाकावर वळ उठतात, नळीला वास येतो. "हे काही आपल्याला मानवत नाही," असे म्हणून मशीन पोटमाळ्यावर जाते आणि घोरणे पुन्हा सुरू होते. बऱ्याचदा बिघाड मशीनचा नसतोच. मास्क मळलेला असतो किंवा त्याची कड सैल पडलेली असते.

रोजचे काम पाच मिनिटांचे

सकाळी उठल्यावर आधी मशीनची वायर काढावी. नाकाला किंवा तोंडाला टेकणारा मास्कचा सिलिकॉनचा भाग, ज्याला दुकानात कुशन म्हणतात, तो काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने बोटांनी चोळून धुवावा. भांड्यांचा पातळ साबण थोडासा चालतो. नंतर स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण घालवावा आणि कुशन सावलीत सुकत ठेवावे. उन्हात ठेवू नये. उन्हाने सिलिकॉन लवकर खराब होते. घाई असेल त्या दिवशी निदान ओल्या स्वच्छ फडक्याने तरी पुसावे.

रात्री मास्क लावण्याआधी चेहरा धुवावा. डोक्याचे तेल, चेहऱ्याची क्रीम आणि घाम यांनी कुशन गुळगुळीत होते, मग मास्क घसरतो आणि हवा सुटते. ही एक सवय लागली तर तेच कुशन पुष्कळ दिवस जास्त टिकते.

पाण्याची टाकी असलेल्या मशीनमधले उरलेले पाणी सकाळी ओतून द्यावे. कालच्या पाण्यात आजचे पाणी मिसळू नये. टाकी मशीनमधून बाहेर काढूनच भरावी आणि भरलेली टाकी आत ठेवून मशीन हलवू नये. पाणी आत गेले की मोटार खराब होते आणि तो खर्च मोठा असतो.

टाकीसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी घ्यावे. गाडीच्या बॅटरीसाठी सुटे विकले जाणारे पाणी घेऊ नये. ते कोणत्या डब्यातून आले याची खात्री नसते. एखाद्या दिवशी डिस्टिल्ड पाणी मिळाले नाही तर पिण्याचे पाणी चांगले उकळून, पूर्ण थंड करून भरता येईल. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. बोअरवेलच्या पाण्याचा पांढरा थर टाकीत लवकर बसतो, म्हणून ते टाळावे.

आठवड्याचे काम

सुटीच्या दिवशी सकाळी नळी, टाकी आणि मास्कचा सांगाडा कोमट साबणपाण्यात धुवावा. नळी बादलीत बुडवून आतून पाणी फिरवावे, दोन वेळा खळबळावी आणि दोरीवर दोन्ही टोके खाली येतील अशी सावलीत टांगावी. ज्या नळीत गरम करण्याची तार असते, ती धुण्याआधी मशीनची पुस्तिका पाहावी. पावसाळ्यात नळी लवकर सुकत नाही, म्हणून ती सकाळीच धुवावी आणि पंख्याखाली टांगावी. ओली नळी तशीच जोडू नये. डोक्याचा पट्टा हाताने धुवावा, त्याला इस्त्री करू नये.

टाकीत पांढरा थर बसला असेल तर पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून टाकी त्यात भिजवावी आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावी. किती व्हिनेगरला किती पाणी हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते वाचावे. पुस्तिका इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकत्या मुला-मुलीकडून वाचून घ्यावी आणि मराठीत एका कागदावर लिहून भिंतीला लावावी.

ब्लीच, डेटॉल, फिनेल, स्पिरिट, उग्र वासाचा साबण यांपैकी काहीही मास्कला किंवा नळीला लावू नये. जे लावाल त्याचा वास रात्रभर छातीत जाणार आहे, हे लक्षात ठेवावे. कुशन उकळत्या पाण्यातही टाकू नये.

ओझोन वायूने किंवा अतिनील किरणांनी मशीन आपोआप साफ करणाऱ्या महागड्या पेट्याही बाजारात आहेत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये अशा पेट्यांबाबत लोकांना सावध केले होते. ओझोन श्वासात गेल्यास खोकला, छातीत जळजळ, दमा वाढणे असे त्रास होऊ शकतात. साबण आणि पाणी हे काम नीट करते. तिथे पैसे घालवू नयेत.

फिल्टर: सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित

मशीनच्या मागे किंवा बाजूला एक छोटी खिडकी असते, तिच्यात फिल्टर बसतो. पांढरा, कापडासारखा फिल्टर धुवायचा नसतो, मळला की बदलायचा असतो. काही मशीनला स्पंजसारखा दुसरा फिल्टरही असतो. तो दर दोन आठवड्यांनी साध्या पाण्यात धुऊन, पूर्ण सुकवून पुन्हा लावता येतो. तुमच्या मशीनमध्ये कोणता आहे, हे पुस्तिकेत पाहावे किंवा विक्रेत्यास विचारावे.

फिल्टर महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून पाहावा. काही कंपन्या महिन्याने, तर काही जास्तीत जास्त सहा महिन्यांनी बदला म्हणतात. पण रस्त्याकाठच्या घरात, बांधकामाशेजारी, गिरणीच्या भुश्श्यात किंवा चुलीच्या धुरात तो त्याआधीच काळा पडतो. काळा दिसला की बदलावा, तारखेची वाट पाहू नये. फिल्टर धूळ अडवतो, धूर आणि वास पूर्णपणे अडवत नाही. म्हणून मच्छर अगरबत्ती किंवा कॉइल मशीनजवळ लावू नये.

मशीन जमिनीवर थेट ठेवू नये, धूळ आणि झुरळे आत जातात. पण उंच फळीवरही ठेवू नये, नाहीतर नळीत साचलेले पाणी नाकाकडे येते. खाटेवर झोपणाऱ्याने ते खाटेपेक्षा कमी उंचीच्या स्टुलावर ठेवावे. खाली झोपणाऱ्याने बुटक्या पाटावर ठेवावे.

बदलायचे कधी?

विक्रेता सांगतो, "दर तीन महिन्यांनी नवा मास्क घ्या." हा हिशेब बहुतेक अमेरिकेतून आलेला आहे. तेथील मेडिकेअर ही सरकारी विमा योजना मास्क आणि नळीचे पैसे ३ महिन्यांतून एकदा, पट्टा आणि टाकीचे ६ महिन्यांतून एकदा देते. विमा किती वेळा पैसे देतो, याची ती मर्यादा आहे. तीन महिने झाले म्हणून चांगला मास्क त्या रात्री निकामी होत नाही. आणि ज्याच्या घरी कुशन दोन महिन्यांतच फाटले, त्याने तिसऱ्या महिन्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. कॅलेंडर पाहण्यापेक्षा वस्तू पाहावी.

कुशन मऊ पडून लोंबू लागले, पिवळे आणि कडक झाले किंवा त्याला बारीक चीर गेली, की बदलावे. पट्टा पूर्वीपेक्षा जास्त आवळावा लागतो, हीसुद्धा खूण आहे. आवळत राहिल्याने नाकावर जखम होते, गळती थांबत नाही. नळीची परीक्षा सोपी आहे. मशीन चालू करून मास्ककडचे टोक तळहाताने बंद करावे आणि दुसरा ओला हात नळीवरून फिरवावा. कुठे वारा लागला तर तिथे भोक आहे, नळी बदलावी. टाकीला तडा गेला किंवा तिचे प्लास्टिक खडबडीत झाले तर ती वापरू नये.

अनेक मशीनच्या पडद्यावर हवेच्या गळतीची खूण आणि श्वास किती वेळा थांबला याचा आकडा सकाळी दिसतो. तो आठवडाभर वहीत लिहून ठेवावा. आकडा वाढत असेल तर आधी मास्क धुऊन, पट्टा नीट करून पाहावा. तरीही वाढत राहिला तर वही डॉक्टरांना दाखवावी. मशीनचा दाब स्वतःच्या मनाने वाढवू नये.

पैसा थोडा असेल तर खर्चाचा क्रम आम्ही असा सुचवतो. पहिला फिल्टर, दुसरे कुशन, तिसरी नळी, त्यानंतर पट्टा आणि टाकी. पुष्कळ मास्कचे कुशन सुटे मिळते, पूर्ण मास्क घेण्याची गरज नसते. जुने कुशन दुकानात सोबत न्यावे, त्यावर आकार छापलेला असतो. पक्की पावती मागून घ्यावी. नोकरीच्या ठिकाणी वैद्यकीय खर्चाची सोय असेल तर फिल्टर आणि मास्कचा खर्च मिळतो का, हे अर्ज देऊन लेखी विचारावे.

तीन धोक्याच्या गोष्टी

पहिली, मास्कवर बारीक भोके असतात, त्यांतून सूं सूं आवाज येतो. ती गळती नव्हे. सोडलेला श्वास त्या वाटेने बाहेर जातो. आवाज होतो म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावू नये.

दुसरी, काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या कड्या असतात. ज्याच्या छातीत पेसमेकर बसवला आहे किंवा शरीरात धातूचे उपकरण आहे, त्याने असा मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शेजारी झोपणाऱ्या माणसालाही हे लागू आहे.

तिसरी, जुने मशीन. स्वस्तात मिळते म्हणून अनेकजण वापरलेले मशीन घेतात. फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये आपली लाखो श्वसनयंत्रे परत मागवली होती, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. म्हणून जुने मशीन घेताना त्याचा क्रमांक कंपनीकडे तपासून घ्यावा, दाब डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे लावून घ्यावा आणि मास्क, नळी, फिल्टर नवेच घ्यावेत. दुसऱ्याचा वापरलेला मास्क कधीही लावू नये.

हे काम कुणाचे?

आमचे सरळ मत आहे: जो मास्क लावतो त्यानेच तो धुवावा. धुणीभांडी, पाणी, मुलांचे डबे उरकणाऱ्या बाईच्या माथी हे आणखी एक काम टाकू नये. आजारी माणूस म्हातारा असेल, हात थरथरत असतील तर घरातल्या मुलाने किंवा मुलीने आळीपाळीने करावे. स्वतः धुणाऱ्याला कुशनची चीर पहिल्या दिवशी दिसते. दुसऱ्यावर सोपवणाऱ्याला ती घोरणे परत सुरू झाल्यावर कळते.

आणि ज्यांच्या घरी मशीन आधीच पोटमाळ्यावर गेले आहे, त्यांनी या रविवारी ते खाली काढावे. मास्क आणि नळी धुवावी, नवा फिल्टर बसवावा, कुशन उजेडात धरून पाहावे. गरज असेल तर एक नवे कुशन आणावे आणि डॉक्टरांना भेटून पुन्हा सुरुवात करावी. नव्या मशीनसाठी पुन्हा कर्ज काढण्याआधी एवढे तरी करून पाहावेच.