धडा पुस्तकात आहे, शिक्षकाचं काय?

मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे



एनसीईआरटीने 2023 मध्ये दहावीतून उत्क्रांती वगळली, तेव्हा आपल्या राज्याच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2’ मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा होता. याचा मला अभिमान आहे. पण हा धडा आम्ही शिक्षक कसा शिकवतो, ते आपल्याला कळायला हवं.

घाटकोपर-मुलुंडकडच्या स्टाफरूममध्येही ऐकू येतं, “पेपरात डार्विन लिहा, घरी काय मानायचं ते माना.” कुणी विचारतं, “माकडाचा माणूस होताना पाहिलाय कुणी?” 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत हेच म्हणाले होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्यांचं म्हणणं जाहीरपणे खोडून काढलं. सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त होते. साक्षीदार नसलेला खून मागे राहिलेल्या खुणा जुळवून उलगडणं, हे त्यांच्या खात्याला रोज करावं लागतं. विज्ञानही तेच करतं, आणि नवी खूण जुळली नाही तर आपलं म्हणणं बदलतं.

मला जास्त काळजी वाटते ती उत्क्रांती मानणाऱ्या शिक्षकांची. “औषध अर्धवट सोडलं की क्षयाच्या जंतूंना त्याची सवय होते,” असं आमच्यातले कितीतरी जण बिनदिक्कत सांगतात. सवय होत नाही. कोट्यवधी जंतूंत एखाद्याच्या जनुकात योगायोगाने आधीच बदल झालेला असतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचीच पैदास वाढते. 2012 च्या सुरुवातीला माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले. नैसर्गिक निवड ही अशी आमच्या विद्यार्थ्यांच्या वस्तीत, कधी घरातही चाललेली असते, आणि आम्ही मात्र जिराफाच्या मानेचं चित्र काढून पोर्शन संपवतो.

उत्क्रांतीला लागणाऱ्या काळाचंही तसंच. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनासोर नामशेष झाल्यानंतरच्या लाव्ह्याची आहे. हे वय कसं काढलं, असं मुलांनी विचारलं तर खडकातल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून ठरावीक वेगाने आरगॉन तयार होतं, इथपासून समजावता आलं पाहिजे. तो आकडा पाठ करण्यापेक्षा हे मोलाचं आहे.

आमच्या प्रशिक्षणांत ऑनलाइन नोंदी आणि गुणदान यांवरच वेळ जातो. त्यातले दोन दिवस उत्क्रांतीच्या पुराव्यांना द्या. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आमच्या अगदी जवळ आहे; त्यांच्या मदतीने हे सत्र आखा. शिक्षकांना तिथे निर्धास्तपणे शंका विचारता याव्यात, देवाधर्माच्यासुद्धा. आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुस्तकं बदलताना हा धडा दहावीतच ठेवा. कॉमर्स-आर्ट्सला जाणाऱ्या मुलांना तो पुढे वर्गात भेटत नाही.

आपला,
घाटकोपरमधील एक विज्ञान शिक्षक