माळवद, सिमेंट आणि आजी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा घरात एकच विषय चालू होता : मागचे माजघर पाडायचे की ठेवायचे? आमचे घर लातूर जिल्ह्यातले. दगड-मातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर माळवद. वडिलांचे मत ठाम होते, "पाडायचं आणि स्लॅब टाकायचा." मी तर पर्यावरणाचा पेपर देऊन आलेला! मातीचे घर उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, माती गावचीच, असे लांबलचक व्याख्यान मी झोडले. आजी शांतपणे ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "पुस्तकाच्या अंगावर माळवद पडत न्हाई, लेका."

मी गप्प झालो. आजीची थोरली बहीण 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात गेली. 30 सप्टेंबरची ती पहाट. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. दमून झोपलेली हजारो माणसे आपल्याच घराखाली गाडली गेली.

परंतु म्हणून मातीलाच दोषी धरायचे काय? त्या भिंती पडल्या, कारण त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. शिवाय माळवद गळू नये म्हणून दर वर्षी नवी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही! आमच्या माळवदावरचा थर दीड फुटाचा आहे. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर सहा टनांहून अधिक ओझे झाले. आमच्या घराला तेव्हा फक्त तडे गेले. ते उभे राहिले, कारण माळवदाचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांवर होता.

आता दुसरी बाजू पाहू. पुढच्या खोलीला तीन वर्षांपूर्वी आम्ही सिमेंटचा गिलावा केला आणि वर चकचकीत ऑइलपेंट दिला. काही दिवस खोली बंगल्यासारखी दिसली. आज तिथे पोपडे सुटले आहेत, कोपऱ्यात बुरशी आहे, आणि पावसाळ्यात आजीचा खोकला थांबत नाही. यात नवल नाही. दगड-मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि वाऱ्यावर सोडून देते. सिमेंटने आणि ऑइलपेंटने आपण तिची वाट बंद केली. ओल आतच कोंडली. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ देतो, आणि चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. शिवाय वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो. सिमेंटसाठी मात्र चुनखडीचे मिश्रण सुमारे 1,450 अंशांपर्यंत तापवावे लागते. जगात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून येतो.

आणि रंगाचे काय? घरगुती रंगातले शिसे दर दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. म्हणजे त्याआधीच्या दारा-खिडक्यांवरच्या थरांत शिसे असू शकते. आपण ते कोरडेच घासतो, आणि लहान मुले त्या धुळीत खेळतात! निदान पाणी मारून तरी घासावे. सिमेंटचे जुने पत्रे कापतानाही हीच काळजी हवी. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांनी कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

मग घर दुरुस्त करावे तरी कसे? मला वाटते, प्रत्येक साहित्याला दोन प्रश्न विचारावेत. हे मला भूकंपात मारणार नाही ना? आणि रोज थोडे थोडे आजारी पाडणार नाही ना? आजीचा प्रश्न पहिला होता, माझा दुसरा. दोन्ही खरे आहेत. एकाचे उत्तर देताना दुसरा विसरला, की आपण फसतो.

हे मी वडिलांपुढे मांडले. माळवदावरची माती उतरवून थर पातळ करायचा, गळती थांबवायला खाली प्लास्टिकचा कागद घालायचा. भिंतींना ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतील. सिमेंट हवे ते इथे. सर्वांगाला ते फासायची गरज नाही. गिलावा चुन्याचा. आणि हे सगळे जाणत्या अभियंत्याला दाखवूनच. वडील म्हणाले, "चुन्याचं काम करणारा गवंडी आहे कुठं?" त्यांचे बरोबर होते. चुन्याची घाणी आमच्या गावात कोणाला आठवतसुद्धा नाही. शेवटी शेजारच्या तालुक्यात एक म्हातारे गवंडी सापडले. त्यांच्या हाताखाली शिकणारा कोणी नाही. इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या मित्रांना माझी एवढीच विनंती आहे की सुट्टीत अशा एखाद्या माणसाजवळ आठ दिवस बसा.

वडिलांनी तूर्त माजघरापुरती परवानगी दिली आहे. गवंडीबाबा पाडव्यानंतर येणार आहेत. आजीने एकच अट घातली आहे : वरची माती उतरेपर्यंत त्या खोलीत कोणी झोपायचे नाही.