फंक्शनवरचा खोटा शिक्का

क्वेरी रेंगाळली की पहिली मागणी मोठ्या सर्व्हरची होते. फंक्शन उघडून पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

भारतीय हवामान विभागाचा पर्जन्यदिवस मध्यरात्री सुरू होत नाही. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीचे साडेआठ असा तो मोजला जातो आणि मोजणी संपते त्या तारखेच्या नावावर पडतो. समजा, नोंदीच्या वेळेवरून हा दिवस काढणारे फंक्शन एखाद्या विद्यार्थ्याने पोस्टग्रेसमध्ये लिहिले आणि त्याच्या स्वभावाविषयी काहीच सांगितले नाही. पोस्टग्रेस त्याला ‘व्होलाटाइल’ समजते; म्हणजे त्याच आदानाला दर वेळी वेगळे उत्तर देऊ शकणारे. अशा फंक्शनच्या उत्तरांवर इंडेक्स बांधता येत नाही. मग एका दिवसाचा पाऊस विचारला तरी कोट्यवधी ओळींवर तेच गणित चालते. एसक्यूएल सर्व्हरचा संशय याहून कडवा: साधी बेरीज करणारे फंक्शनही ‘स्कीमाबाइंडिंग’वाचून लिहिले, तर ते डिटर्मिनिस्टिक मानले जात नाही. हा संशय रास्तच आहे.

कारण दुसरी वाट अधिक घातक आहे. इंडेक्स नाकारला गेला की फंक्शनवर ‘इम्यूटेबल’ असा शिक्का मारून मोकळे होणारे थोडे नाहीत. पोस्टग्रेस त्या शिक्क्याची शहानिशा करत नाही; लिहिणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवते. फंक्शन सेशनच्या टाइमझोनवर विसंबले असेल, तर 10 जुलैला सकाळी नऊ वाजता पडलेला पाऊस भारतीय वेळेच्या सेशनमध्ये 11 जुलैचा ठरतो आणि यूटीसीच्या सेशनमध्ये 10 जुलैचा. नोंद ज्या सेशनमधून आली, त्याचे उत्तर इंडेक्समध्ये गोठते. कोठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही. क्वेरी चपळ धावते, तक्ता सुबक दिसतो आणि बेरीज खोटी असते. हवामान विभागाच्या 1901पासूनच्या दैनिक पर्जन्यसंचाशी ती ताडून पाहणारा अभ्यासक मग दोष पर्जन्यमापकात शोधत बसतो!

उपाय एका ओळीचा आहे: फंक्शनच्या आतच ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन स्पष्ट लिहावा. उत्तर केवळ आदानावर अवलंबून राहते, शिक्का खरा ठरतो. (उद्या भारताने प्रमाणवेळच बदलली तर इंडेक्स पुन्हा बांधावा लागेल, हे कबूल.)

‘आजचे वय’ काढणाऱ्या फंक्शनला मात्र अशी कोणतीही ओळ वाचवू शकत नाही. आजची तारीख त्याला बाहेरून आदान म्हणून द्यावी, नाहीतर इंडेक्सचा हट्ट सोडावा.