एक्यूआय धुळीचं वजन सांगतो, पेशींना झालेली इजा कशी तपासतात?

दिवाळी उरकली की जव्हार-मोखाड्यातली अनेक कुटुंबं मुलाबाळांसह भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जामसर भागालाही हे नवं नाही. मधले सगळे महिने भट्टीचा धूर आणि शहराची धूळ त्यांच्या श्वासात असते. त्या धुळीने शरीरात काय केलं, हे तपासता येतं का?

येतं. पण मोबाईलवरच्या एक्यूआयमधून ते कळत नाही. पीएम २.५ चा आकडा म्हणजे एक घनमीटर हवेतल्या बारीक कणांचं वजन. रस्त्यावरची माती आणि कोळशाची काजळी त्यात सारखीच मोजली जाते. काजळीवर मात्र बेंझोपायरीनसारखी, डीएनएला इजा करणारी रसायनं बसलेली असतात. देशाच्या २००९ च्या मानकांत बेंझोपायरीनला वर्षाला सरासरी १ नॅनोग्रॅम प्रति घनमीटर अशी मर्यादा आहे. एक्यूआयच्या आठ घटकांत मात्र ते नाही.

मग धूळच तपासायची. एम्स चाचणीत (दिल्लीचं एम्स नव्हे, ब्रूस एम्स हे शास्त्रज्ञाचं नाव) हिस्टिडीन स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू घेतात. फिल्टरवर जमलेल्या धुळीचा अर्क त्यांना देतात. अर्काने जनुकांत बदल घडवला, तर काही जिवाणू हिस्टिडीनशिवायही वाढू लागतात. जितके ठिपके जास्त, तितकी धूळ घातक.

माणसावर काय झालं, हे पाहायला गालाच्या आतल्या पेशी पुरतात. लाकडी पट्टीने हलकेच खरवडायचं, काचेवर पसरून रंगवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुकडा मागे राहिला, तर मुख्य केंद्रकाशेजारी एक छोटं केंद्रक दिसतं. त्याला मायक्रोन्यूक्लियस म्हणतात. ते दिसलं म्हणजे कर्करोग झाला, असं नाही. ही चाचणी एका माणसाचं निदान करत नाही, दोन गटांची तुलना करते.

गंमत वेळेची आहे. गालाच्या या पेशी साधारण एक ते तीन आठवड्यांत बदलतात. लोक जुलैत गावी असताना नमुने घेतले, तर भट्टीची खूण बहुतेक पुसली गेलेली असेल. म्हणून एक नमुना मार्चमध्ये भट्टीवर आणि दुसरा, त्याच माणसाचा, पावसाळ्यात गावी घ्यायला हवा.

तेव्हाही गावची हवा शुद्ध धरून चालणार नाही. चूल आहे, मिसरी-तंबाखू आहे. लाकूड-गोवऱ्यांवर स्वयंपाक करणाऱ्या ग्रामीण बायकांच्या गालाच्या पेशींत गॅस वापरणाऱ्यांपेक्षा जास्त मायक्रोन्यूक्लियस आढळल्याचं कोलकात्याच्या संशोधकांनी २०१० मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे नमुना घेताना घरात चूल आहे की गॅस, मिसरी लावता का, हे प्रत्येकाला विचारावंच लागेल.