खळ्यात खडी

देवरुखात हल्ली घराला गाडी आली की मागोमाग पेव्हर ब्लॉक येतात, पेव्हर आले की लोखंडी गेट येतं, आणि मग घरात कुत्रा नसला तरी 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी येते. पाटीबद्दल माझी तक्रार नाही, पेव्हरबद्दल आहे. माझं म्हणणं सरळ आहे : कोकणात घरापुढे गाडी उभी करायची असेल तर खडी टाका. हे म्हटलं की समोरचा माणूस असा बघतो की पुण्यात संगणकापुढे बसून याचं डोकं फिरलंय. खडी म्हणजे घर बांधून उरलेला माल, ती मुद्दाम अंगणात कोण पसरतो?

तर आधी हिशेब. (सवय आहे, इलाज नाही.) गेटपासून पडवीपर्यंत 30 फूट लांब, 12 फूट रुंद जागा धरा. झाले 360 चौरस फूट, म्हणजे साधारण 33 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्या जिल्ह्याची पावसाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर आहे. गुणाकार करा : एका पावसाळ्यात, नुसत्या गाडीच्या जागेवर, एक लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर! आणि मे महिन्यात आपल्याच तालुक्यातल्या वाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. पेव्हरखाली सिमेंटचा थर असला (आणि आपल्याकडे बहुतेक असतोच) की हे एक लाख लिटर रस्त्यावर जातात, तिथून गटारात, नाहीतर खालच्या शेजाऱ्याच्या मागीलदारी.

आता खडी टाकली की सगळं पाणी थेट विहिरीत उतरेल असं मी म्हणणार नाही. जुलैत जमीन तट्ट फुगलेली असते, आणि जांभा म्हणजे चाळणी, वरून ओतलेलं खाली कुठल्यातरी झऱ्यातून निघून जातं. पण जूनच्या सुरुवातीचा आणि परतीचा पाऊस तरी मुरू द्याल की नाही? शिवाय दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. माझे वडील पंचाहत्तरीचे आहेत. श्रावणात पेव्हरवर शेवाळ धरतं, आणि त्यावरून चालताना ते ज्या पद्धतीने गाडीचा आरसा, मग भिंत, मग कुंडी धरत जातात, ते बघवत नाही. ब्लीचिंग पावडर टाका, तारेच्या ब्रशने घासा, आठ दिवसांत शेवाळ परत हजर.

खडी कुठली, हा खरा प्रश्न. दुकानात पांढरे गुळगुळीत गोटे पिशवीत मिळतात, फोटोत फार छान दिसतात. ते कुंडीत घाला. गोल दगडावर चाक फिरलं की दगड बाजूला सरतो, दोन महिन्यांत चाकोऱ्या पडतात. नदीच्या पात्रातली खडी तर नकोच, पात्र आधीच पुरेसं ओरबाडून झालंय. आपल्याला हवी क्रशरवर फोडलेली काळवत्रीची खडी, धारदार कोपऱ्यांची. कोपरे एकमेकांत अडकतात आणि तरी मधून पाणी जातं. संगमेश्वर रोड स्टेशनावर गाडीची वाट बघत असाल (वेळ भरपूर असतो) तर रुळांखालची खडी नीट बघा, एकही गोल दगड सापडणार नाही. मॅकॅडम नावाचा स्कॉटिश गृहस्थ 1816 मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा अधिकारी झाला, त्याने हेच सांगितलं होतं : दगड लहान आणि फोडलेला हवा, आणि खालची जमीन कोरडी राहिली पाहिजे. आपले कंत्राटदार उठता-बसता 'डब्ल्यूबीएम' म्हणतात त्यातला 'एम' म्हणजे हाच मॅकॅडम. जांभ्याचे तुकडे मात्र वर पसरू नका. चाकाखाली भुगा होतो आणि घरभर लाल पावलं उमटतात. कडेला मात्र जांभाच हवा. अर्धा चिरा जमिनीत गाडून काठ बांधला नाही तर तुमची खडी गणपतीपर्यंत रस्त्यावर पोचलेली असेल.

खरेदी ब्रासवर होते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. आपल्या 360 चौरस फुटांना खाली 4 इंच 40 मिलिमीटरची खडी म्हणजे 120 घनफूट, वर 2 इंच 12 मिलिमीटरची म्हणजे 60. एकूण 1.8 ब्रास, दबून कमी होते ती धरून दोन. गाडी रिकामी करायच्या आधी फाळक्याच्या आत टेप लावा : लांबी, रुंदी आणि मालाची उंची, तिन्ही फुटांत, गुणाकार भागिले शंभर. मध्ये शीग आणि कडेला खड्डा असेल तर सपाट करून मोजायला सांगा. ड्रायव्हर तोंड वाकडं करतो, करू दे. डस्ट मिसळलेली खडी घेऊ नका. 'डस्टनं घट्ट बसतंय' असं सगळे सांगतात, आणि खरंच बसतं, इतकं की पाणी वरच तुंबतं. आणि वाहतुकीचा पास मागा. खडी गौण खनिजात येते, सरकारला स्वामित्वधन भरूनच ती खाणीतून निघायला हवी. पास नसलेला माल स्वस्त का पडतो, ते एखादा पोखरलेला डोंगर बघितला की कळतं.

टाकायची पद्धत सोपी. सहा-सात इंच माती काढायची, गटाराकडे हलका उतार ठेवायचा, धुमसाने ठोकायचं. त्यावर नमद्यासारखं जिओटेक्स्टाईल कापड, म्हणजे खडी चिखलात बुडत नाही. ताडपत्री किंवा प्लास्टिक नको, मग पेव्हरनं काय वाईट केलं होतं? जागा चढाची असेल तर नुसती खडी टिकत नाही, चाकं ती मागे फेकतात. तिथे चाकांपुरत्या चिऱ्याच्या दोन पट्ट्या बसवा आणि मध्ये खडी. पाखाडी बांधणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. वडीलधाऱ्यांसाठी पडवीपर्यंत चिऱ्याची एक वाटही हवी. खडीवर घसरत नाही हे खरं, पण काठी रुतते.

आता विरोधी पक्ष, म्हणजे आई. तिचा मुद्दा असा की खडीवर आमसुलं कशी वाळवायची? कुळीथ कुठे झोडायचे? फणसाची पानं खराट्याने कशी ओढायची? तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नाही, कारण उत्तर नाहीच. खळं चोपून, सारवून केलेलं असतं, त्याला पर्याय खडीही नाही आणि पेव्हरही नाही. म्हणून आमच्याकडे तह झालाय : गाडीपुरती खडी, तुळशीभोवतालचं खळं तसंच. दिवाळीनंतर ते दरवर्षी चोपायचं आणि त्याला रजा काढून मी यायचं, हे तहातलं कलम आईने घालून घेतलंय.

शेजारच्या काकांनी मात्र एकच शब्द उच्चारला : फुरसं. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मार्लेश्वरच्या गुहेतल्या सापांना आपण हात जोडतो ते ठीक, पण फुरसं दगडाखाली बसतं, मातीच्या रंगाचं असतं, आणि एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात ते मारायला सरकार बक्षीस देत असे, इतकी त्याची दहशत होती. दाबून बसवलेल्या बारा मिलिमीटरच्या खडीत त्याला आडोसा मिळत नाही. आडोसा मिळतो तो काम झाल्यावर कोपऱ्यात 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेल्या ढिगात आणि उरलेल्या चिऱ्यांच्या चवडीत. काकांच्या गेटशेजारी पेव्हरची उरलेली चवड तीन वर्षं तशीच आहे, हे मी त्यांना अजून बोललेलो नाही.