कापूस वेचणाऱ्या बोटांवर पीआरपीचा धंदा

परवा हेच बोललो तर एका डॉक्टर मित्राला राग आला. आज सगळ्यांसमोर बोलतो.

आमच्या मावशीचं उजव्या हाताचं मधलं बोट सकाळी मिटलेलंच असतं. दुसऱ्या हातानं सरळ केलं की खटकन सुटतं, अन् कळ थेट मनगटापर्यंत जाते. तीस वर्षं कापूस वेचला तिनं. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, "तुमच्याच रक्तातून औषध काढू, शीर नवी होईल." तीन इंजेक्शनं, अठरा हजार रुपये. किलोमागे मजुरी घेणाऱ्या बाईचा अख्खा हंगाम गेला त्यात. बोट अजून अडकतंच.

हे पीआरपी म्हणजे काय? हातातून रक्त घ्यायचं, यंत्रात फिरवायचं, प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा करून दुखऱ्या जागी टोचायचा. रक्त आपलंच, त्यामुळे ते काही विष नाही. काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसला, हेही मान्य. पण कोपराच्या शिरेच्या जुनाट दुखण्यावरचे ३२ अभ्यास, २,३३७ रुग्ण, २०२१ साली कॉक्रेन या संस्थेनं एकत्र तपासले. खोट्या इंजेक्शनपेक्षा जाणवण्याजोगा फरक पडत नसावा, असा निष्कर्ष निघाला. बोटांवर तर एवढे अभ्याससुद्धा नाहीत. मग "शीर नवी होईल" हे कोणत्या तोंडानं सांगता?

खरा राग तर पुढंच आहे. बोट अडकतं कारण शीर, म्हणजे टेंडन, ज्या बोगद्यातून सरकते त्याचं तोंड आवळतं. त्याला आराम, रात्री पट्टी, स्टेरॉईडचं इंजेक्शन (शुगरवाल्यांनी जपून, काही दिवस साखर चढते) आणि नाहीच जमलं तर जागा बधिर करून छोटं ऑपरेशन. हे जुने, माहितीतले उपाय. मावशीला यातला एकही सांगितला नाही. काहून?

मित्र म्हणाला, "पेशंटच मागतात." अरे, पेशंटला पीआरपी हा शब्द शिकवला कुणी?

परभणीत २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांच्या अस्थिरोग विभागानं वेचणी संपल्यावर मानवत, पाथरी, सेलूला बायांच्या हातांची तपासणी शिबिरं घ्यावीत. आणि खासगीवाल्यांनी पैसे घेण्याआधी मराठीत लिहून द्यावं: दुसरे उपाय कोणते, खर्च किती, पुरावा किती.

मावशीचे कागद मी मागितले होते. एक पावती मिळाली. त्यावर आजाराचं नाव नाही, औषधाचं नाही. नुसतं "प्रोसिजर चार्जेस".